हत्तीची बंदूक आणि माणसाचा खांदा

१८७१ साली फ्रेडरिक सेलूस नावाचा एकोणीस वर्षांचा इंग्रज पोरगा दक्षिण आफ्रिकेत उतरला. हत्ती मारायचे, हस्तिदंत विकायचे आणि त्यावर जगायचं, असा बेत. त्यासाठी त्याने ज्या बंदुका घेतल्या त्या ठासणीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या, बदकं मारायला वापरतात तसल्या स्वस्तातल्या होत्या. शिशाची गोल गोळी, वजन सुमारे ११३ ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या दोन अंड्यांएवढं. दारू मोजायची भानगडच नाही. पिशवीत हात घालायचा आणि मूठभर नळीत ओतायची.

एकदा हत्तीवर धरलेला बार उडालाच नाही. बंदूक उचलणाऱ्या गड्याने ती परत घेतली आणि आधीची दारू-गोळी आत तशीच असताना वर दुसरी ठासून दिली. सेलूसने पुन्हा चाप ओढला. तो जमिनीवरून उचलला गेला, हवेत फिरला आणि तोंडावर वाळूत आपटला. बंदूक खांद्यावरून मागे कुठल्या कुठे जाऊन पडली. पुढे त्याने लिहून ठेवलंय की या बंदुकांनी माझ्या मज्जातंतूंची कायमची वाट लावली, त्या हातात घेतल्याच नसत्या तर बरं झालं असतं. तरी त्याच बंदुकांनी त्याने तीन हंगामांत ७८ हत्ती मारले, एखादा अपवाद सोडला तर सगळे पायी.

मोठ्या जनावरासाठी कुठली बंदूक घ्यावी यावर गेली दीडशे वर्षं काथ्याकूट चालू आहे. माझ्या मते त्याचा सगळा अर्क या प्रसंगात आहे. गोळी जनावरात खोल जायला हवी, तेवढा जोर हवा. आणि त्या जोराची किंमत माणसाचा खांदा मोजतो. बाकी सगळे या दोन टोकांमधले हिशेब.

आधी आकड्यांचा गुंता सोडवू, कारण नवखा माणूस तिथेच अडकतो.

गावाकडे परवान्याची बंदूक म्हटली की 'बारा बोअर' हा शब्द येतोच. हे बारा म्हणजे काय? एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या पाडायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. मोजायला गेलात तर साडेअठरा मिलिमीटर भरते. पौंडाच्या चारच गोळ्या पाडल्या तर चार बोअर, म्हणजे सेलूसची. थोडक्यात, आकडा लहान तर नळी मोठी. रायफलींचा हिशेब याच्या उलटा चालतो, तिथे इंचाचे दशांश मोजतात. .४७० म्हणजे साधारण बारा मिलिमीटर, .३७५ म्हणजे साडेनऊ.

साधारण म्हणायचं, कारण ही नावं गावातल्या टोपणनावांसारखी असतात. 'बारक्या' अशी हाक मारतात आणि दारातून सहा फुटी गडी वाकून बाहेर येतो. .४७० च्या गोळीचा खरा व्यास .४७५ च्या जवळ. .२७५ रिग्बीची गोळी .२८४ ची. 'थर्टी-ओ-सिक्स' या काडतुसाच्या नावातला सहा हा आकडा मापाचा नाहीच, ते १९०६ साल आहे. आणि .४५०/.४०० असं लिहिलेलं दिसलं तर .४५० च्या पुंगळीचा, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याचा, गळा आवळून त्यात .४०० ची गोळी बसवलीय असं समजायचं. म्हणून काडतूस घेताना कोणी जाणता माणूस नुसता आकडा सांगत नाही, पूर्ण नाव सांगतो. इंचाच्या चार शतांशांच्या फरकाने नळी फुटू शकते.

आता जोर येतो कुठून ते पाहू. काळी दारू जड गोळीला फार वेग देऊ शकत नाही. वेग वाढत नसेल तर वजन वाढवा, एवढाच मार्ग जुन्या शिकाऱ्यांपुढे होता, म्हणून त्या दोन-दोन अंड्यांच्या वजनाच्या गोळ्या. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट आलं. दिसायला शेवयांसारखं, जवळजवळ बिनधुराचं आणि काळ्या दारूच्या मानाने कितीतरी दमदार. १८९८ साली रिग्बी कंपनीने त्यावर चालणारं .४५० नायट्रो एक्सप्रेस काढलं. गोळी ३१ ग्रॅमची, सेलूसच्या गोळीच्या सुमारे पाव हिस्सा. वेग मात्र सेकंदाला ६५५ मीटर. बार झाल्यावर तोंडासमोर धुराचा पडदा नाही, त्यामुळे हत्ती पडला की आपल्याकडे येतोय हे निदान दिसायचं तरी.

इथे आपल्या देशाचा एक मजेदार संबंध येतो. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने .४५० च्या रायफली आणि काडतुसं आणण्यावर बंदी घातली. सरकारला भीती वेगळीच होती. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफली त्याच मापाच्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच भलत्या हातांत पडलेल्या. शिकारीच्या काडतुसांतल्या गोळ्या काढून बंडखोर त्यात वापरतील, असा तर्क. सुदानातही तेच. लंडनच्या बंदूकवाल्यांची मोठी बाजारपेठ एका हुकमाने बसली. मग प्रत्येकाने मापात इकडे-तिकडे थोडं सरकून आपापलं काडतूस काढलं: .४६५, .४७०, .४७५, .४७६. गुणांनी सगळी सख्खी भावंडं. आफ्रिकेत आजही .४७० घेऊन हिंडणाऱ्या शिकाऱ्याच्या हातात जी रायफल असते, तिचं माप खरं म्हणजे कलकत्त्यातल्या एका सरकारी कागदाने ठरवलेलं आहे.

असंच सामान्य नागरिकाला लष्कराची .३०३ मिळायची नाही, म्हणून .३१५ आपल्याकडे रुजली. तिच्या काडतुसाच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं दिसली तर ते पुण्याच्या खडकी कारखान्याचं.

आता या सगळ्यातला सर्वांत मोठा गैरसमज. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडून भिंतीवर आदळतो. मोठ्या रायफलीबद्दलही लोक तसंच बोलतात, 'एका गोळीत हत्ती उलटा होतो'. अकरावीचं भौतिकशास्त्र काढा. .४७० ची गोळी ३२ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६५५ मीटर. हा सगळा संवेग पाच हजार किलोच्या हत्तीत उतरला तरी हत्ती सेकंदाला चार मिलिमीटर वेगाने सरकेल. मुंगी याहून जोरात चालते. आणि गोळी जेवढा धक्का पुढे देते त्याहून थोडा जास्तच मागे खांद्याला बसतो, कारण गोळीबरोबर दारूचा वायूही बाहेर फेकला जातो. म्हणजे हत्ती आडवा करण्याइतका धक्का गोळीत असता तर आधी बंदूक चालवणाराच आडवा झाला असता.

जनावर धक्क्याने पडत नाही. गोळी मेंदूत, मणक्यात किंवा हृदय-फुप्फुसांत पोहोचली तर पडतं; नाही पोहोचली तर जखमी होऊन पळतं, नाहीतर अंगावर येतं.

आणि पोहोचणं किती अवघड आहे याचा अंदाज यायला जनावर जवळून पाहावं लागतं. दाजीपूरचं जंगल पूर्वी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं, १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. तिथे एका पहाटे रस्त्याकडेला गवा उभा होता. गाडीतून आधी तो मला खडकच वाटला. मग खडकाने कान हलवला. खांद्यापाशी माझ्या उंचीचा, मानेपासून पाठीपर्यंत स्नायूंचा बांध, आणि त्या सगळ्याच्या आत कुठेतरी, पुढच्या पायांच्या मागे, थाळीएवढी ती जागा. पूर्ण वाढलेला नर नऊशे किलोच्या घरात जातो. आफ्रिकी रानम्हैस याहून थोडी हलकी, पण स्वभावाने कितीतरी वाईट. हत्तीचं तर विचारूच नका. त्याची कवटी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडाची असते आणि पाचेक किलोचा मेंदू त्या प्रचंड डोक्यात बराच मागे, खाली बसलेला. समोरून कपाळाच्या मधोमध नेम धरणारा बहुधा मेंदूच्या वरून गोळी घालवतो.

म्हणून गोळीचा आकार आणि घडण यांना नळीच्या मापाइतकंच, मी तर म्हणेन जास्तच, महत्त्व आहे. गोणपाटातून दाभण सहज जातं, तेवढ्याच वजनाचं नाणं जात नाही. गोळी तिच्या जाडीच्या मानाने लांब आणि जड असली की ती खोल जाते. पुढचा प्रश्न, आत शिरल्यावर तिने काय करायचं? मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच छत्रीसारखी उघडते, मोठी जखम करते, पण लवकर थांबते. वाघ-सिंह-बिबट्या यांच्यासाठी ती ठीक, त्यांचं कातडं पातळ आणि वजन वाघ-सिंहाचं दोनशे किलोच्या आगेमागे, बिबट्याचं त्याहून बरंच कमी. दुसरी टणक गोळी, जिला शिकारी 'सॉलिड' म्हणतात. ती उघडत नाही, वाकत नाही, हाड फोडून सरळ जात राहते. हत्तीला तीच. रानम्हशीसाठी अनेक जण पहिली मऊ आणि मागच्या सगळ्या सॉलिड भरतात, कारण पहिली गोळी उभ्या, बेसावध जनावराच्या बरगडीत जायची असते आणि नंतरच्या पळणाऱ्याच्या पाठीमागून किंवा अंगावर येणाऱ्याच्या कपाळातून. शिवाय सॉलिड आरपार जाऊन मागे उभ्या दुसऱ्या म्हशीला लागू शकते, म्हणून कळपात पहिली ती वापरत नाहीत.

टणक गोळी आणि अचूक नेम एवढ्यावर काय होऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल, युगांडातल्या करामोजा भागावरून 'करामोजो बेल'. त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे सात मिलिमीटरच्या रिग्बी-माउझरने. (हजार हत्ती हा आकडा आज टाईप करतानाही हात अडखळतो. तेव्हा तो धंदा होता.) सव्वाअकरा ग्रॅमची सॉलिड, सेलूसच्या गोळीचा दहावा हिस्सा! बेलने हत्तीचं डोकं करवतीने चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवलं होतं. कोणत्याही कोनातून तो जागा मनात मांडू शकायचा. ७ मिमी माउझर म्हणजेच .२७५ रिग्बी. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटना बक्षीस मिळालेली रायफल हेच काडतूस खायची.

बेलचं नाव घेऊन 'लहान रायफलही पुरते' म्हणणारे खूप भेटतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की बेल नको असेल तेव्हा बार न काढण्याची चैन करू शकत होता. कोन जमला नाही तर तो चालत राहायचा, उद्या दुसरा कळप. आजच्या सफारीवर आलेल्या माणसाकडे दहा दिवस असतात आणि त्याने जखमी केलेली म्हैस दाट झुडपात शिरली की कोन ती ठरवते. जखमी रानम्हैस पळून जाऊन आपल्याच वाटेकडे वळून दबा धरते, ही तिची ख्याती आहे. तीस मीटरवरून ती निघाली तर ताशी पन्नासच्या वेगाने दोन सेकंदांत पोहोचते.

आपल्याकडची जुनी शिकार बहुतेक मचाणावरून किंवा हाका घालून व्हायची. वाघ तुलनेने हलका, शिकारी उंचावर, बार जवळून. त्यामुळे आपल्या शिकारकथांतल्या बंदुका आफ्रिकेला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. तसंही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हा विषय इतिहासजमा आहे. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. नामिबिया, टांझानिया, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका इथे परवान्याने चालू आहे. ती असावी की नसावी हा मोठा वाद आहे आणि तो मी इथे काढत नाही.

जिथे चालू आहे तिथे बंदुकीची किमान ताकद कायदाच ठरवतो. नामिबियाची पद्धत मला आवडते, कारण ती मापाच्या नावांत न अडकता सरळ गोळीच्या ऊर्जेत, ज्यूलमध्ये बोलते. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला किमान १,३५० ज्यूल, कुडू-ऑरिक्ससारख्या मोठ्या हरणांना २,७००, हत्ती-म्हैस वगैरेंना ५,४००. तुलनेसाठी माझा स्वतःचा एकुलता एक अनुभव सांगतो: एन.सी.सी.च्या कॅम्पात .२२ रायफलीच्या मोजून पाच गोळ्या. ती गोळी १४० ज्यूलच्या आसपास भरते. .४७० भरते ६,९००. पन्नासपट.

५,४०० च्या रेषेच्या जरा वर, सुमारे ५,७५० वर, १९१२ सालचं .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम बसतं. साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ७७०. हरणापासून हत्तीपर्यंत एकच रायफल न्यायची तर हीच, असं शंभर वर्षं सांगितलं जातं आणि त्यावर मला तरी काही खोड काढता येत नाही. याच्या आधीचं, १९०५ चं जर्मन ९.३×६२ हे गरिबाचं .३७५. बर्लिनच्या ऑटो बॉकने ते साध्या माउझर रायफलीत बसेल असं बेतलं, म्हणून आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांना ते परवडलं. १९११ चं .४१६ रिग्बी याच्या वरची पायरी. त्याची पुंगळी गरजेपेक्षा मोठी दिसते, त्याचं कारण उन्हाळा. कॉर्डाइट तापलं की नळीतला दाब वाढतो. पुंगळी आतल्या आत चिकटून बसते आणि निघत नाही. समोर म्हैस असताना रिकामी पुंगळी अडकणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून पुंगळी ऐसपैस ठेवायची, दाब कमी राहतो.

मग दुनळी की बोल्टवाली? दुनळी रायफल म्हणजे एका दस्त्यावर दोन स्वतंत्र बंदुका: दोन नळ्या, दोन चाप, दोन घोडे. एक बिघडली तरी दुसरी आहे, आणि दुसरा बार काढायला हात जागचा हलवावा लागत नाही. त्या दोन सेकंदांत याचं मोल कळतं. पण दोन्ही नळ्यांच्या गोळ्या साठ-सत्तर मीटरवर एका जागी पडाव्यात म्हणून कारागीर नळ्या डाग देऊन जोडतो, बार काढून बघतो, डाग सोडवून केसभर सरकवतो, पुन्हा जोडतो. हे एका ठरावीक काडतुसासाठी केलेलं असतं. काडतूस बदललं की दोन नळ्या दोन दिशांना मारायला लागतात. किंमत तर चांगल्या फ्लॅटच्या रांगेत. बोल्टवाली, म्हणजे दर बारानंतर हाताने खिट्टी मागेपुढे ओढायची ती, स्वस्त, जास्त अचूक, तीन-चार गोळ्या पोटात. माउझरच्या जुन्या रचनेत एक लांब पंजा काडतुसाला बुडाशी धरून ठेवतो आणि रिकामी पुंगळी ओढून काढेपर्यंत सोडत नाही. धोक्याच्या जनावराला आजही हीच रचना मागतात.

नेमाच्या साधनांवर फार बोलत नाही. झुडपात वीस-तीस मीटरवर जास्त ताकदीच्या दुर्बिणीतून फक्त काळी कातडी दिसते, म्हणून कमी ताकदीची दुर्बीण किंवा व्ही आकाराची उघडी खाच आणि पुढे पांढरा मणी.

राहिला खांदा. पाच किलोची .४७० मागे येते ती ताशी एकोणीस-वीस किलोमीटरने. पाच किलो तांदळाची पिशवी कोणी सायकलच्या वेगाने खांद्यावर आदळली तर कशी लागेल, तशी. सोसता येते, पण शरीर हिशेब ठेवतं. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे झेपावतो आणि नळी खाली जाते. याला इंग्रजीत फ्लिंच म्हणतात, आपण दचक म्हणू. वाईट म्हणजे दचकणाऱ्याला ती कळत नाही. गोळी खाली गेली की तो रायफलीला दोष देतो. आफ्रिकेतल्या अनुभवी व्यावसायिक शिकाऱ्यांना नवीकोरी, मोठी रायफल घेऊन येणारा पाहुणा म्हणूनच नको असतो. वर्षानुवर्षं वापरून घासलेली .३७५ घेऊन आलेला परवडतो. ६,९०० ज्यूल पोटात गेले तर म्हैस चालत राहते. ५,७५० हृदयात गेले तर थांबते.

दचक शोधायची एक जुनी युक्ती आहे. दोन-चार खऱ्या काडतुसांत एखादं पोकळ, दारू नसलेलं मिसळायचं आणि रायफल दुसऱ्याने भरायची, आत काय आहे ते नेमबाजाला सांगायचं नाही. आमच्या एन.सी.सी.च्या हवालदारांनी .२२ वरही हे केलं होतं. पोरगा पोटावर झोपलेला, दम रोखलेला, बाकीचे मागे गप्प. चाप ओढला. बार नाही, नुसती 'टिक्', आणि नळीचं टोक दोन बोटं खाली गेलेलं मागे उभ्या सगळ्यांनी पाहिलेलं. तो पोरगा मी होतो.